भिंत पडली नाही

वहिनी, सुनंदा, थोरात सिस्टर, आमच्या खात्यातले जुने-नवे सहकारी आणि या वसाहतीतली सगळी मंडळी,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हणालो होतो. मी बोलणारा माणूस नाही. साइटवर ओरडायची सवय आहे, पण तिथं समोर मिक्सर चालू असतो. इथं सगळे गप्प बसलेत आणि टेबलावर साहेबांचा फोटो आहे. त्या फोटोला हार घातलाय. त्याच्याकडे बघितलं की माझे शब्द अडतात. म्हणून मी वहिनींकडे बघून बोलणार आहे. वहिनी, मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

मी वसंत बोरस्ते. केदारे साहेब नाशिकला उपअभियंता होते तेव्हा मी त्यांच्या हाताखाली ज्युनियर इंजिनियर होतो. माझी पहिलीच नेमणूक.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी साहेबांनी उभ्या केलेल्या इमारतींची नावं घेतली. कोर्टाची इमारत, मुलींचं वसतिगृह, तालुक्याच्या कचेऱ्या. सगळं खरं आहे. मी मात्र आज अशा एका इमारतीबद्दल बोलणार आहे, जी साहेबांनी बांधली नाही. ते काम त्यांच्या हातून काढून घेतलं गेलं. खात्यातल्या पुष्कळांना ही गोष्ट अर्धीच माहीत आहे. उरलेली अर्धी माहीत असलेले आता दोघंच राहिलो. मी आणि थोरात सिस्टर.

दुष्काळी कामं संपून साहेब नाशिकला आले त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. शहरातल्या एका सरकारी प्रसूतिगृहाला नवी तीन मजली इमारत मंजूर झाली होती. जुनं प्रसूतिगृह म्हणजे इंग्रजांच्या काळातला एक लांबलचक वॉर्ड. दगड-विटांच्या जाड भिंती, वर कौलं. जिल्ह्याभरातून बाया तिथं बाळंतपणाला यायच्या. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून यायच्या, सटाण्याकडून यायच्या, सातपूरच्या कामगारांच्या घरातल्या यायच्या. खाटा भरल्या की जमिनीवर गाद्या टाकायच्या. थोरात सिस्टर तिथल्या मुख्य परिचारिका होत्या.

आता सरकारी इमारत कशी होते, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. नकाशा मुंबईत एक जण काढतो. लोखंड किती घालायचं ते दुसरा ठरवतो. बांधतो कंत्राटदार. आत राहतो तो चौथाच. या चौघांची एकमेकांशी गाठ पडत नाही. ती घालून द्यायची, हे साहेब आपलं काम समजायचे. मुंबईहून निळे नकाशे आले की इतर अधिकारी ते कपाटात ठेवत. साहेब ते घेऊन सरळ वॉर्डात गेले. खाटेवर पसरले आणि म्हणाले, "सिस्टर, यात तुमचं काय चुकतंय ते सांगा."

सिस्टर म्हणाल्या, "मला नकाशा वाचता येत नाही."

"मी वाचून दाखवतो. तुम्ही फक्त चाला."

मग साहेब नकाशावर बोट ठेवून सांगत गेले आणि सिस्टर मनातल्या मनात त्या नव्या इमारतीतून चालत गेल्या. इथून बाई आत आली. इथं तिची खाट. हा बाळंतपणाचा कक्ष. एका ठिकाणी सिस्टर थांबल्या. म्हणाल्या, "म्हणजे ओली बाळंतीण संडासला जायला हा अख्खा व्हरांडा चालणार? आणि तोही उघडा?" साहेबांनी तिथं लाल पेन्सिलीनं फुली मारली. नकाशा मुंबईला परत गेला. नाशिकचे आमचे मोठे साहेब, म्हणजे कार्यकारी अभियंता, चिडले. पण संडास वॉर्डाला लागून आले.

अशाच एका फुलीवरून पुढचं सगळं घडलं.

नवी इमारत जुन्या वॉर्डाला अगदी खेटून दाखवली होती. साहेबांनी कळवलं, ती लांब सरकवा. आपल्याकडची काळी माती सगळ्यांना माहीत आहे. पाणी प्यायली की फुगते, सुकली की फाटते. त्यामुळं पाया खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो. नव्या इमारतीसाठी खोल खणायचं, आणि शेजारी जुनी भिंत, तिचा पाया किती खोल आहे हे कुणालाच माहीत नाही. जुने नकाशे कुठंच नव्हते. साहेबांनी वॉर्डाच्या दोन कोपऱ्यांशी खणून पाहिलं. दोन्हीकडे पाया गुडघाभर. काळ्या मातीतच टेकलेला. तिसऱ्या कोपऱ्याशी बाळंतपणाचा कक्ष होता, तिथं दिवसरात्र बाया येत-जात असायच्या. तिथं खणता आलं नाही.

इमारत सरकवायला वरून नकार आला. रस्त्याची हद्द आड येते, असं कारण दिलं. मग साहेबांनी कंत्राटदाराला ताकीद दिली. भिंतीलगतचा चर एकदम उघडायचा नाही. थोडा खणायचा, काँक्रीट भरायचं, मग पुढचा तुकडा. काम रेंगाळणार होतं. आणि वरिष्ठांना तर पावसाळ्याआधी जोतं वर दिसायला हवं होतं.

साहेब बैठकीसाठी मुंबईला गेले. ते गेले त्या दिवशी मोठ्या साहेबांनी साइटला भेट दिली. कंत्राटदाराला म्हणाले, असं चमच्यानं किती दिवस उकरणार? मी सांगितलं, केदारे साहेबांची तशी सूचना आहे. ते म्हणाले, "केदारे तुमचे साहेब. मी केदारेंचा साहेब." आणि दोन दिवसांत भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चर उघडा झाला. भिंत आणि चर यांच्या मध्ये मातीचा एक पट्टा तेवढा उरला. त्यातच कुणाचा तरी टिकाव दवाखान्याच्या जुन्या पाइपावर बसला, पाइप फुटला, आणि चरात पाणी साचलं.

साहेब मुंबईहून एस.टी.नं परतले ते घरी न जाता सरळ साइटवर आले. हातात बॅग तशीच. चराच्या कडेला उभे राहिले. त्या मातीच्या पट्ट्याच्या ढलप्या सुटून पाण्यात पडत होत्या. डुबुक. थोड्या वेळानं परत डुबुक.  मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. त्यांनी बॅग माझ्याकडे दिली आणि वॉर्डात शिरले.

आतल्या पॅसेजमध्ये, बाळंतपणाच्या कक्षाशेजारी, खिडकीखालून एक तडा जमिनीपर्यंत आला होता. तडे जुन्या भिंतीला असतातच. प्रश्न एवढाच असतो, की तडा झोपलेला आहे की चालतोय. ते बघायची एक साधी रीत आहे. तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवायची. भिंत हलली तर काच तुटते. साहेबांनी सिस्टरांकडून प्रयोगशाळेतल्या काचा मागून घेतल्या, रक्त तपासायच्या, आणि थोडं प्लास्टर ऑफ पॅरिस. काच चिकटवली. आम्ही चर बघायला बाहेर गेलो.

परत आलो तर काच तुटलेली होती.

मी म्हणालो, "साहेब, प्लास्टर ओलं असेल." ते म्हणाले, "असेल." दुसरी काच लावली. या वेळी तिथंच उभे राहिले. सिस्टर शेजारी उभ्या. मागं वॉर्डात बाळं रडत होती, कुणाची तरी सासू चहाचा कप मागत होती. आणि मग आवाज आला. टक. एवढासाच. बोटं मोडताना येतो ना, तेवढा.

साहेब सिस्टरांना म्हणाले, "वॉर्ड रिकामा करायचा."

"किती वेळ आहे?"

"मला माहीत नाही."

"भिंत पडणार आहे का?"

"तेही मला माहीत नाही, सिस्टर."

सिस्टर तुम्हाला इथं पांढऱ्या साडीत शांत बसलेल्या दिसतायत. त्या दिवशी त्या कशा दिसत होत्या ते मी बघितलंय. दवाखान्याचे प्रमुख डॉक्टर बैठकीला मालेगावला गेले होते. परवानगी विचारायला वरचं कुणी नव्हतं. त्यांनी एकदा काचेकडे बघितलं आणि आयांना हाका मारायला सुरुवात केली. फक्त एक सांगितलं. बाळ आणि आई वेगळी न्यायची नाहीत. प्रत्येकीचं बाळ तिच्या कुशीत, आणि खाट उचला.

खाटा उचलल्या त्या खणायला आलेल्या मजुरांनी. बहुतेक सगळे पेठकडचे. चिखलाच्या पायांनी वॉर्डात शिरले, एकेका खाटेला चौघं. समोरच्या ओपीडीच्या शेडमध्ये ओळीनं खाटा लागू लागल्या. बाया घाबरल्या होत्या. पुरुष आत आले म्हणून डोक्यावरून पदर ओढत होत्या. ठकूबाई म्हणून एक मजूरबाई पुढं पुढं चालत सांगत होती, "घाबरू नका गं, आमी तुमच्याच गावचे हाव."

तेवढ्यात मोठ्या साहेबांची गाडी आली. कंत्राटदारानं फोन केला असावा. मोठे साहेब शेडमधल्या खाटा बघून थबकले.

"केदारे, हा काय तमाशा आहे? भिंत पडली का?"

"नाही."

"मग?"

"हलतेय."

"तुमच्या काचेवरून? लेखी परवानगी घेतलीत?"

"वेळ नव्हता, साहेब. आता तोंडी मागतो. चर भरून टाकायची परवानगी द्या."

"खणलेला चर भरायचा? उद्या वरती मी काय सांगू?"

साहेब म्हणाले, "सांगा, केदारेनं भरला."

मोठे साहेब म्हणाले, मी परवानगी देत नाही. आणि गाडीत बसून निघून गेले. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत साहेब बघत राहिले. मग वळून मला म्हणाले, "मुरमाचे ट्रक कुठायत?"

मित्रहो, इथपर्यंतही ठीक होतं. वॉर्ड जवळजवळ रिकामा झाला होता. तेव्हा सिस्टर धावत आल्या. मी त्यांना धावताना पहिल्यांदाच बघत होतो. बाळंतपणाच्या कक्षात एक बाई होती. पहिलटकरीण. वेळ अगदी भरत आली होती, आणि काहीतरी अडलं होतं. ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाई तिच्यापाशीच आत होत्या. त्यांनी सांगितलं, या बाईला आत्ता हलवता येणार नाही. हलवलं तर दोघांतलं एक जाईल.

आणि तो कक्ष कुठं? त्याच कोपऱ्यात. त्याच भिंतीला लागून.

साहेबांनी विचारलं, "किती वेळ लागेल?"

सिस्टर म्हणाल्या, "मला माहीत नाही."

 मग सिस्टर आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आणि साहेबांनी बूट काढले.

करायचं काय होतं, ते सांगतो. त्या कोपऱ्याशी चरात उतरून मुरमाची पोती रचत आणायची, म्हणजे माती सरकायची थांबेल. आणि भिंतीला लाकडी बल्ल्यांचे तिरके टेकू द्यायचे. पण ते करणारा माणूस चरात, भिंतीच्या बरोबर खाली उभा असणार. भिंत आली तर त्याच्यावर येणार. साहेबांनी मजुरांना गोळा केलं आणि म्हणाले, "मी कुणाला उतरा म्हणणार नाही. जो उतरणार नाही त्याचा खाडा लागणार नाही. वरून पोती देणारेही पाहिजेतच." आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः उतरले. पाणी मांडीपर्यंत होतं.

काशिनाथ नावाचा मजुरांचा मुकादम होता. तो वर उभा राहून बघत होता. मग म्हणाला, "साहेब उतरला, तं आमी वर बसून काय करू?" आणि तोही उतरला. त्याच्यामागून आणखी काही जण.

मीही उतरायला लागलो. साहेबांनी वर बघून सांगितलं, "बोरस्ते, तुम्ही नाही. तुम्ही काचेपाशी."

तिसरी काच लावली होती. मी पॅसेजमधल्या त्या खिडकीशी उभा. खिडकीतून खाली चर दिसत होता. काच तुटली की मी ओरडायचं, आणि त्यांनी बाहेर पडायचं. पाणी उपसायचा पंप चालू होता, त्यामुळं टक असा आवाज ऐकू येणार नव्हता. नजर हलवायची सोय नव्हती. माझ्या पाठीमागं ते बंद दार. दारामागून त्या बाईचं कण्हणं, आणि सिस्टरांचा आवाज. एका लयीत. "दे कळ. सोड. आता परत." आणि खिडकीखालून साहेबांचा आवाज. "पोतं. दाबा. पोतं."

मी त्या काचेकडे बघत होतो. काचेला एक हवेचा बुडबुडा होता, तो अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. मला सारखं वाटायचं, आत्ता रेघ उमटली. मग कळायचं, पापणी लवली. एकदा वरून चुन्याचा पोपडा पडला. मी ओरडलो. चरातले सगळे बाहेर उड्या मारून पळाले. साहेबही निघाले, पण शेवटी. मी परत बघितलं, काच शाबूत. मला वाटलं, आता कुणी परत उतरणार नाही. साहेबांनी वर बघून विचारलं, "काच?" मी म्हणालो, "आहे." ते म्हणाले, "बरं केलंत ओरडलात. परत तसं वाटलं तर परत ओरडा." आणि उतरले. काशिनाथही उतरला.

मला आज कुणी विचारलं, धीर म्हणजे काय, तर मी ते दुसऱ्यांदा उतरणं सांगेन. पहिल्यांदा माणूस आवेशात उतरतो.

किती वेळ गेला, मी सांगू शकत नाही. बल्ल्या भिंतीला लागल्या. पोती पाण्याच्या वर आली. पंपाचा आवाज बदलला, म्हणजे पाणी संपत आलं. आणि मग दारामागं एकदम शांत झालं. त्याची मला फार भीती वाटली. मी काचेवरची नजर काढली. तेवढी एकदाच काढली. आणि मग बाळ रडलं.

खाली चरात सगळ्यांचे हात थांबले. काशिनाथनं मुंडाशानं तोंड पुसलं. साहेब म्हणाले, "थांबू नका. ती अजून आत आहे."

बाईला खाटेसकट बाहेर नेलं तेव्हा ऊन उतरलं होतं. मुलगी झाली होती. संध्याकाळपर्यंत पूर्ण चर भरला.

आणि भिंत पडली नाही.

त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्या पावसाळ्यातही नाही. तिसरी काच शेवटपर्यंत तुटली नाही.

आपल्याला वाटेल, छान झालं. पण मंडळी, भिंत पडली असती ना, तर साहेबांचा सत्कार झाला असता. ती उभी राहिली, आणि चौकशी लागली. परवानगीशिवाय वॉर्ड रिकामा केला. वरिष्ठांचा शब्द मोडला. झालेलं काम बुजवलं. पहिली काच ओल्या प्लास्टरमुळं तुटली, दुसरी लोकांच्या पायांच्या हादऱ्यानं, असं ठरवण्यात आलं. चौकशी अधिकाऱ्यांनी साहेबांना विचारलं, "भिंत पडणार होती याला तुमच्याकडे पुरावा काय?" मी साक्षीला बाहेर बाकावर बसलो होतो, दार उघडं होतं. साहेब म्हणाले, "पुरावा नाही. पुरावा मिळू नये म्हणूनच तर मी काम थांबवलं."

कचेरीत लोक काय काय बोलले ते इथं वहिनींसमोर सांगायची मला लाज वाटते. पण सांगतो. साहेबांनीही ते ऐकलं होतं. कुणी म्हणालं, घाबरट माणूस. कुणी म्हणालं, राखीव जागेवरून आले की असंच व्हायचं. ज्या माणसाचे वडील नाशिक रोडला रेल्वेच्या रुळांवर गँगमन होते, जो कंदिलाखाली शिकून आपल्या घराण्यातला पहिला इंजिनियर झाला, त्याच्याबद्दल हे बोललं गेलं. जी माणसं बोलली त्यांच्यातलं कुणीही त्या चरात उतरलेलं नव्हतं.

साहेबांची बढती अडकली. बदली पेठला झाली. लेकीच्या, सुनंदाच्या शाळेसाठी वहिनी नाशिकला राहिल्या, साहेब शनिवारी यायचे. तिकडे त्यांनी रस्ते केले, आश्रमशाळेच्या खोल्या बांधल्या. प्रसूतिगृहाचं काम दुसऱ्याकडे गेलं. आणि मुंबईहून नवा नकाशा आला. इमारत जुन्या वॉर्डापासून लांब सरकवलेली होती. रस्त्याची हद्द आता आड येत नव्हती. नकाशासोबत कसलाही खुलासा नव्हता.

मी अधूनमधून पेठला जायचो. रेस्ट हाउसच्या ओट्यावर आम्ही चहा घेत बसायचो. इकडचं तिकडचं बोलणं झालं की साहेब विचारायचे, "बोरस्ते, काय वाटतं? पडली असती का हो?"

मी म्हणायचो, "पडली असती, साहेब. नक्की."

ते मान हलवायचे. पण पुढच्या खेपेला परत विचारायचे. मोठ्या साहेबांचा राग त्यांनी मनात ठेवला नव्हता. बढती गेली त्याचंही ते फार बोलायचे नाहीत. पण हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. पुढं ते कार्यकारी अभियंता होऊन नाशिकला परत आले, मोठमोठी कामं केली, निवृत्त झाले. तरी विचारायचे. गंगापूर रोडला कधी फिरायला भेटले तरी विचारायचे.

गेल्या वर्षी तो जुना वॉर्ड पाडायचा ठरला. तोपर्यंत मी उपअभियंता झालो होतो. काम माझ्याकडेच आलं. मी साहेबांना घरी जाऊन सांगितलं, कोपऱ्याशी पाया उघडा करतोय. यायचं का? मला वाटलं होतं, ते नको म्हणतील. ते चप्पल शोधायला लागले.

आम्ही गेलो. भिंत उतरवून झाली होती. त्या तिसऱ्या कोपऱ्याशी माणसं खणत होती. गुडघाभर खणलं, पाया संपला नाही. कमरेइतकं खणलं, तरी दगड खाली जातच होते. पार मुरमात जाऊन बसलेला पाया होता. जुन्या गवंड्यांना त्या कोपऱ्यात माती फारच मऊ लागली असावी, म्हणून ते तेवढ्याच कोपऱ्यात खोल गेले असावेत. आणि तो तडा? भिंत उतरवणाऱ्यांनी दाखवलं, खिडकीखालची एक लाकडी तुळई कुजून बसली होती. तेवढंच हलत होतं.

 एवढी वर्षं मी नक्की म्हणत आलो होतो. साहेब त्या दगडांपाशी वाकले. त्यांनी एका दगडाला हात लावला. मग म्हणाले, "पडली नसती."

मी म्हणालो, "साहेब, मग आपण चुकलो?"

ते म्हणाले, "त्या दिवशी हे दगड आपल्याला दिसत होते?"

"नाही."

"आपण बघितले त्या दोन कोपऱ्यांना काय दिसलं होतं?"

"गुडघाभर."

"मग तो दिवस परत आला तरी मी वॉर्ड रिकामाच करणार." आणि ते हसले. खूप वर्षांनी मी त्यांना असं मोकळं हसताना बघितलं. मला म्हणाले, "पण हे लपवायचं नाही. लोकांना सांगायचं. भिंत पडली नसती, केदारेचा अंदाज चुकला होता, हे सांगायचं. नाहीतर उद्या कुणी माझ्या नावानं खोटं सांगेल, आणि शिकणारे चुकीचं शिकतील."

तिथून आम्ही सरळ शरणपूरला थोरात सिस्टरांकडे गेलो. सिस्टर दारातल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. साहेबांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "सिस्टर, ती भिंत पडली नसती. तुम्हाला मी उगाच पळवलं."

सिस्टरांनी तांब्या खाली ठेवला. सिस्टर, तुम्ही काय म्हणालात ते मी सांगतो, चुकलं तर सांगा. तुम्ही म्हणालात, "भिंतीचं तुम्ही बघा, केदारे साहेब. मला एवढंच माहीत आहे की त्या दिवशीच्या माझ्या सगळ्या बाया आपापल्या पायांनी घरी गेल्या." आणि चहा टाकायला आत गेलात.

साहेबांनी परत कधी मला तो प्रश्न विचारला नाही. त्यानंतर काही महिन्यांनी, परवा, ते गेले. झोपेत गेले. वहिनी सांगतात, चेहऱ्यावर त्रास नव्हता.

साहेबांनी सांगायला सांगितलं होतं, ते मी आज सांगितलं. ती भिंत पडली नसती. आमच्या खात्यातली नवी मुलं इथं बसली आहेत. तुम्हाला कधी असा तडा दिसेल, आणि पाया दिसणार नाही. तेव्हा कुणाला विचारायचं? मला विचारू नका. त्या खाटेवर कोण झोपलंय, ते आधी बघा.

मला आता पुढं बोलता येणार नाही.

आपण सगळे उभे राहू या. मी घड्याळ लावणार नाही. वहिनी खाली बसतील तेव्हा आपणही बसू. तोपर्यंत साहेबांसाठी शांत राहू या.